मोटारीचा रखवालदार

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा व वाळूज या औद्योगिक वसाहतींत अनेक लहानमोठे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत एखाद्या कोपऱ्यात लोखंडी टाकीवर बसविलेले एक यंत्र धडधडत असते. हवा दाबून टाकीत भरणाऱ्या या यंत्रास कॉम्प्रेसर म्हणतात. चाकांत हवा भरणे, रंग फवारणे, नटबोल्ट आवळणे ही कामे त्या हवेच्या बळावर होतात. कॉम्प्रेसर विजेच्या मोटारीवर चालतो. मोटार जळाली, की काम थांबते आणि हातावर पोट असलेल्या कारागिराचा रोज बुडतो.

मोटार जळते कशी? तिच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्या तारेवर रोगणाचा पातळ लेप असतो. तारेतून वीज वाहू लागली, की ती तापते. विजेचा प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते, असे जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली दाखवून दिले. उष्णता फार वाढली, की लेप करपतो, तारा एकमेकींस चिकटतात आणि मोटार निकामी होते.

असा जादा प्रवाह वाहण्यास कारणेही तशीच घडतात. कॉम्प्रेसर थांबताच नळीतील कोंडलेली हवा सोडणारी झडप बिघडली, तर मोटारीस दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते. विजेच्या तीन फेजांपैकी एक गेली, तर सारा भार उरलेल्या दोघींवर पडतो.

मग साधा फ्यूज का पुरत नाही? सुरू होताना निरोगी मोटारही क्षणभर सहा-सात पट प्रवाह ओढते. तेवढा प्रवाह सोसणारा जाड फ्यूज दीडपट प्रवाहाने वितळत नाही. मोटार मात्र हळूहळू भाजून निघते. म्हणून स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले बसवितात. त्यात दोन निराळ्या धातूंच्या पट्ट्या एकजीव जोडलेल्या असतात. तापल्यावर एक अधिक प्रसरण पावते, दुसरी कमी. त्यामुळे जोडपट्टी वाकते. क्षणभराच्या उष्णतेने ती पुरेशी वाकत नाही. परंतु जादा प्रवाह टिकून राहिला, की ती खटका सोडते आणि वीज तोडते.

रिलेवरील तबकडी मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावावयाची असते. पाच अश्वशक्तीच्या तीन फेजच्या मोटारीस हा आकडा सुमारे ७.५ असतो. रिले वारंवार तुटू लागला, की काहीजण तबकडी पुढे सरकवितात. हे म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधून चोराला वाट मोकळी करून देणे होय. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा मोटारीस निवण्यासही वेळ लागतो. अशा वेळी सुज्ञ कारागीर तबकडीस हात लावीत नाही. तो झडप तपासतो, तिन्ही फेज पाहतो, मोटारीवरील धूळ झाडतो आणि दोष सापडल्यावरच यंत्र पुन्हा चालू करतो.