एकोणीस पायऱ्यांचं स्टेशन

लंडनच्या पूर्व भागात बेथनल ग्रीन नावाचं भुयारी रेल्वेचं एक स्टेशन आहे. तिथे पहिली गाडी धावायच्या आधीच हजारो माणसं रोज रात्री झोपायला यायची! कशी, ते ऐका.

स्टेशनचं काम १९३६ साली सुरू झालं. पण १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं आणि बांधकाम अर्धवट राहिलं. १९४० मध्ये जर्मन विमानं लंडनवर बॉम्ब टाकू लागली, तेव्हा लोकांनी या रिकाम्या बोगद्यांचा आसरा घेतला. आत पाच हजार जणांच्या झोपण्याची सोय होती. शिवाय उपाहारगृह, नाटकाचा रंगमंच आणि चक्क वाचनालयसुद्धा! वरचं वाचनालय बॉम्बने मोडलं, म्हणून पुस्तकं खाली आली.

आत जायला वाट मात्र एकच. रस्त्यावरून १९ पायऱ्या उतरायच्या, उजवीकडे वळून आणखी ७, मग तिकीटघर आणि पुढे सरकत्या जिन्यांवरून फलाट. पहिला जिना सुमारे दहा फूट रुंद, पण मधोमध धरायला कठडा नाही. शत्रूला उजेड दिसू नये म्हणून दिवा एकच, तोही मिणमिणता. हे दार सुधारायला स्थानिक पालिकेने १९४१ मध्येच परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही.

३ मार्च १९४३. पावसाने पायऱ्या ओल्या झालेल्या. रात्री सव्वाआठच्या सुमारास भोंगा वाजला. लोक शांतपणे उतरत होते. इतक्यात जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानविरोधी अग्निबाण सुटले. ते नवेच होते, असा आवाज कुणी कधी ऐकलेला नव्हता. बॉम्बच पडले असं वाटून मागचे घाईने पुढे सरकले. नेमकी तेव्हाच खालच्या पायऱ्यांवर एक बाई अडखळली, तिच्यावर दुसरा माणूस पडला, आणि काही क्षणांत तीनशेजण त्या जिन्यात अडकले. १७३ माणसं गुदमरून गेली. त्यांत ६२ मुलं होती. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता!

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ठिकाणाचं नाव वर्तमानपत्रांत छापू दिलं नाही. चौकशीचा अहवाल १९४५ पर्यंत दडवून ठेवला. जिन्याला मात्र लगेच कठडे बसले आणि पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगवल्या गेल्या.

४ डिसेंबर १९४६ ला अखेर गाड्या सुरू झाल्या. जिना आजही वापरात आहे बरं का. शेजारच्या बागेत २०१७ साली स्मारक पुरं झालं: उलटा टांगलेला लाकडी जिना, त्याला १७३ छोटी भोकं. ऊन पडलं की त्यांतून उजेड खाली झिरपतो.