खडकाचा ताण

हापशीचं डोकं खोलून बाजूला ठेवलं होतं. पाइप आणि रॉड कडुनिंबाखाली पसरलेले. मे महिन्यातली सकाळ, आठलाच ऊन पाठीवर बसलेलं. नरखेड-मोवाड रस्त्यालगतच्या या गावात ६० मीटरचा बोअर उन्हाळा लागला की दमतो. दोन गुंड भरले की हापशी नुसती हवा ओढते. त्यावर उपाय म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची गाडी आली होती. कागदावर या कामाला ‘जलभंजन’ म्हणतात. गावात मात्र ‘प्रेशर मारणं’.

आधी टँकर आला. ते पाहून पारावरचे एक म्हातारबुवा उखडले, “प्याले पानी नाई, अन् हे बोअरमंदी ओतून रायले!”

त्यांचं चुकत नव्हतं. कोरड्या बोअरमध्ये आधी पाणीच ओतावं लागतं. पाइपाच्या टोकाला पॅकर बसवून तो ४२ मीटरवर सोडला. पॅकर म्हणजे जाड रबरी बोंडूक. दाबाने तो फुगतो, बोअरच्या भिंतीला घट्ट चिकटतो आणि बुचासारखं काम करतो. त्याच्या खालच्या भागात पंपाने पाणी कोंबायचं. वर जायला वाट नाही, म्हणजे ते खडकातच शिरू पाहणार.

पंप सुरू झाला आणि सगळ्यांच्या नजरा काट्यावर गेल्या. वीस किलो, चाळीस, साठ. हे किलो प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचे. ऐंशीच्या पुढे नळी थरथरू लागली, ऑपरेटरने हाताने सगळ्यांना मागे सारलं. नव्वदच्या आसपास काटा क्षणभर अडला आणि धपकन चाळिसावर आला. आवाज काहीच नाही. मला वाटलं, नळी फुटली.

“खडक फुटला का जी?” कुणीतरी विचारलं.

“फोडत नाही आपण,” ऑपरेटर म्हणाला. “भेग होतीच. ती उघडली.”

सगळी गंमत या वाक्यात आहे. इथला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. लाव्हा थंड होताना त्यात भेगा पडल्या, मग माती आणि चुन्याने त्या बुजल्या. ४२ मीटर खोल असलेल्या आडव्या भेगेवर वरच्या खडकाचं ओझं साधारण बारा किलो. ते भेग मिटवून धरतं. भेगेतलं पाणी तिच्या दोन्ही भिंती आतून ढकलतं, तेवढी ती पकड सैल होते. पाण्याचा दाब ओझ्यापेक्षा वाढला आणि भेगेतला चिकटा सुटला की भेग उघडते. दाब काढल्यावर ती पुन्हा तशीच का मिटत नाही? भिंती किंचित सरकलेल्या असतात. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसत नाही, फट राहते. माती धुऊन जाते ती वेगळीच.

शेजारी उभा असलेला संत्र्याचा बागायतदार हसला. आंबिया बहारासाठी झाडांचं पाणी तोडून त्यांना ताणावर सोडायचं आणि मग पाणी देऊन ताण तोडायचा, हे त्याचं दरवर्षीचं काम. “ताण तुटला ना जी!” तो म्हणाला. खडकाचं शास्त्र शिकलेले लोकही ‘ताण’ हाच शब्द वापरतात, हे त्याला सांगायचं राहून गेलं.

हाच हिशोब कोयनेलाही लागू पडतो. तिथे बेसाल्टखाली, गोठणे गावाजवळ सुमारे सव्वा किलोमीटर खोलीवर, ग्रॅनाइट लागतो. धरण १०३ मीटर उंच, म्हणजे तळाशी पाण्याचा दाब जेमतेम दहा किलो. पण खालच्या भेगा आधीच घसरण्याच्या बेतात असतील तर तेवढा धक्काही पुरतो. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर जलाशय आणि भूकंप यांचं नातं तिथे अभ्यासलं जातंय. त्यासाठी गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं.

स्वीडनमध्ये फोर्समार्कला याच्या उलट काळजी आहे: भेग उघडायला नको. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन तांब्याच्या कुप्यांत भरून सुमारे ५०० मीटर खोल ग्रॅनाइटी खडकात ठेवायचं, कुपीभोवती बेंटोनाइट माती ठासायची. ओली झाली की ती फुगते आणि वाट बुजवते. जानेवारी २०२५ मध्ये तिथे खोदकाम सुरू झालं. त्या खोलीवर आडव्या भेगेवरचं ओझं सुमारे १३५ किलो, पाण्याचा दाब ५०. मधले ८५ किलो म्हणजे पकड. इंधनाच्या उष्णतेने खडक फुगेल, पुढे हिमयुग आलं तर वर किलोमीटरहून जाड बर्फ बसेल आणि त्याखालचं पाणी दाबाने भेगांत घुसू पाहील. तेव्हा ही पकड किती उरेल, याची गणितं तिथले शास्त्रज्ञ एक लाख वर्षांपर्यंतची मांडतात. आपल्याला पुढचा जून दिसला तरी पुष्कळ.

दुपारपर्यंत पॅकर आणखी दोनदा खाली सरकवला. एकदा काटा पडला, एकदा चढतच गेला. तिथे भेगच नव्हती. संध्याकाळी हापशी बसवली. पहिला अर्धा तास लाल गढूळ पाणी आलं, मग निवळ. अंधार पडेपर्यंत बायका गुंड भरत होत्या.

तुमच्या बोअरवर हे करायचा विचार असेल तर आधी एक करा: शेजारच्या विहिरींची दिवाळीतली आणि मे महिन्यातली पातळी वहीत लिहून ठेवा. शेजारी पाणी असून तुमचा बोअर कोरडा असेल, तर गाडी बोलवा. सगळ्यांचंच पाणी खाली गेलं असेल, तर नव्वद किलो काय आणि नऊशे काय, आधी पावसाचं पाणी जिरवावं लागेल.