अनुदान नाकारले जाते तेव्हा

संशोधन प्रकल्पाला अनुदान नाकारल्याचे पत्र बहुधा चार ओळींचे असते. प्रस्ताव तज्ज्ञ समितीपुढे ठेवला होता, समितीने शिफारस केली नाही, एवढाच मजकूर. पण त्या चार ओळींवर बरेच काही अवलंबून असते. प्रकल्पावर घ्यायचा संशोधन सहायक दुसरीकडे नोकरी शोधू लागतो. उपकरण कोटेशनमध्येच राहते. आणि आठवड्याला सोळा तास शिकवून, रात्री जागून प्रस्ताव लिहिणाऱ्या तालुक्याच्या गावातील प्राध्यापकाला वाटू लागते, की संशोधन हे आपले काम नव्हे. मला काळजी वाटते ती या शेवटच्या गोष्टीची.

प्रस्ताव लिहिणारा आणि प्रस्ताव तपासणारा, अशा दोन्ही बाजूंना मी अनेक वर्षे बसलो आहे. समितीपुढे पैसा कमी आणि चांगले प्रस्ताव जास्त, ही नेहमीची स्थिती. काही प्रस्ताव निर्विवाद उत्तम असतात, काही उघडच कच्चे असतात. खरी ओढाताण मधल्या प्रस्तावांची होते, आणि तेथे परीक्षक कोण आहे यावर बरेच ठरते. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेले १५० प्रस्ताव नव्या परीक्षकांकडून स्वतंत्रपणे पुन्हा तपासून घेण्यात आले. त्याचा अहवाल १९८१ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. प्रस्तावाचे भवितव्य निम्मे त्याच्या गुणांवर आणि निम्मे जवळजवळ योगायोगावर ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. हे ओळखूनच स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान निधीने २०२१ पासून तुल्यबळ प्रस्तावांमध्ये चिठ्ठ्या टाकून निवड करण्याची मुभा ठेवली.

म्हणून नकार म्हणजे आपल्या बुद्धीवरचा निकाल नव्हे. मात्र 'सगळे नशीबच' म्हणून हात झटकणेही बरोबर नाही. निम्मा भाग आपल्या हातात आहे, आणि सुधारायचा तोच.

तो कसा सुधारायचा? पत्र आले की आठ-पंधरा दिवस काहीही करू नये. रागाच्या भरात खुलासा पाठवू नये. परीक्षकांचे शेरे आले नसतील, तर ते नम्रपणे मागावेत. मग कागद घेऊन शेऱ्यांचे तीन भाग करावेत. पहिला, परीक्षकाचे म्हणणे खरे आहे. दुसरा, परीक्षकाचा गैरसमज झाला आहे. तिसरा, निव्वळ मतभेद. यांतला दुसरा भाग सर्वांत उपयोगी. एखादी गोष्ट सतराव्या पानावर लिहिलेली असूनही परीक्षकाला सापडली नसेल, तर ती पहिल्या पानावर यायला हवी. त्याच्यापुढे प्रस्तावांचा गठ्ठा असतो, हे विसरून चालत नाही.

माझ्या परिचयातील एका प्राध्यापिकेने विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यातील फ्लोराइडवर प्रकल्प मागितला होता. तीन जिल्हे, तीन वर्षे आणि एक महागडे उपकरण. नकार आला. शेरे दोनच होते: व्याप्ती फार मोठी आणि प्राथमिक नोंदी नाहीत. दोन्ही खरे होते. त्यांनी तालुक्यातली आठ गावे निवडली. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना घेऊन उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर नमुने गोळा केले आणि शेजारच्या महाविद्यालयातील साध्या इलेक्ट्रोडवर ते तपासले. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. काही ठिकाणी ते त्याहून अधिक निघाले. या नोंदींचा तक्ता नव्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर आला. प्रस्ताव दुसऱ्या संस्थेकडे गेला, मागणी निम्म्याहून कमी होती आणि ती मंजूर झाली.

एकाच दारावर थांबू नये, हेही त्यातून दिसते. केंद्राचे विज्ञान व तंत्रज्ञान खाते, जैवतंत्रज्ञान विभाग, वैद्यकीय संशोधन परिषद, २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, शिवाय आपले विद्यापीठ. प्रत्येकाचा रोख वेगळा असतो. नुसते मुखपृष्ठ बदलून तोच प्रस्ताव पाठवला, तर ते परीक्षकाला लगेच कळते.

कॅटालिन कारिको यांचे उदाहरण हल्ली नेहमी दिले जाते. एमआरएनएवरील कामाला त्यांना अनुदान मिळेना, १९९५ साली विद्यापीठात पदावनतीही झाली. २००५ मध्ये ड्रू वाइसमन यांच्यासह त्यांनी महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला आणि २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले. पण प्रत्येक नाकारलेल्या प्रस्तावात नोबेल दडलेले नसते. मला अधिक बोलका वाटतो तो 'नेचर कम्युनिकेशन्स'मधील २०१९ चा अभ्यास. अमेरिकेत ज्या तरुण संशोधकांचे अनुदान थोडक्यात हुकले, त्यांतले काही त्या क्षेत्रातून कायमचे गेले. जे टिकले, त्यांचे पुढचे काम थोडक्यात यशस्वी झालेल्यांपेक्षा सरस ठरले. कच्चे गळाले म्हणून असे दिसते का, हेही अभ्यासकांनी तपासले. तेवढ्याने उलगडा होत नव्हता.

म्हणूनच महाविद्यालयांच्या प्राचार्यांनाही एक विनंती. नकाराचे पत्र आलेल्या शिक्षकाला पुढच्या सत्रात परीक्षेचे जादा काम देऊ नका. काचसामान आणि प्रवासखर्चापुरती थोडी रक्कम आणि आठवड्यातली एक मोकळी दुपार द्या. पुढच्या प्रस्तावाला लागणाऱ्या प्राथमिक नोंदी तेवढ्यातही उभ्या राहतात.