ओरखड्याची साक्ष

रायपूरहून धमतरीला जाणारी अरुंद रुळांची आगगाडी १९०० साली सुरू झाली आणि तिच्यातून जंगलचा माल बाहेर पडू लागला. लाकूड, हिरडा, लाख. कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडा लाख साठवतो. ती खरवडायची, धुवायची, वितळवायची, की चपडा तयार. सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला पॉलिश मारतो, तोच हा चपडा. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मात्र त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं ते ग्रामोफोनच्या तबकड्यांचे कारखाने. जगाला लागणारी बहुतेक लाख मध्य आणि पूर्व भारतातल्या जंगलांतून जायची. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ने न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी जॅझची पहिली तबकडी भरली. १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी किंग ऑलिव्हरच्या ताफ्यात तरुण लुई आर्मस्ट्राँगने कॉर्नेट फुंकलं. त्या काळच्या या तबकड्यांत आपल्याकडची लाख होती.

लाख म्हणजे तबकडीतला फक्त डिंक. बाकी दगडाची पूड, काजळी आणि सुती तंतू. दगडाची पूड मुद्दाम घालत, कारण पोलादी सुई घासून घासून खाचेच्या मापाची व्हावी, असा हिशेब होता. जुन्या गाण्यामागे पावसासारखी जी खरखर ऐकू येते, तिचा बराचसा भाग या पुडीचा.

एप्रिल १९४२ मध्ये, युद्धामुळे, अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी मिळणाऱ्या लाखेत सत्तर टक्के कपात केली. मग जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, त्यांच्यातूनच नव्या छापायचा सपाटा सुरू झाला. त्या दळणात किती जॅझ गेलं असेल! अनेक छोट्या कंपन्यांचे धातूचे मूळ साचे आधीच भंगारात गेले होते. उरलं ते वेड्या संग्राहकांच्या कपाटांत. आजही सुरुवातीचं जॅझ आपण ऐकतो ते बहुधा मूळ साच्यातून नाही, तर कुणीतरी जपलेल्या एखाद्या झिजलेल्या प्रतीवरून.

इथे एक कारागीर लागतो. या कारागिरीचा आदर्श म्हणजे इंग्लंडचे जॉन आर. टी. डेव्हिस (१९२७–२००४). स्वतः वादक, १९६१ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या ‘टेम्परन्स सेव्हन’ या ताफ्यात ते होते. पण संग्राहक त्यांना ओळखतात ते त्यांच्या कानासाठी. तबकडी आधी धुवायची, तीही स्पिरिट न लावता, नाहीतर लाखच विरघळेल. मग सुई निवडायची. इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक पुरतो. जरा रुंद किंवा अरुंद सुई लावली की ती खाचेच्या झिजलेल्या भागाऐवजी न झिजलेल्या भिंतीवर टेकते आणि त्याच तबकडीतून वेगळाच आवाज निघतो. मग वेग. ‘मिनिटाला ७८ फेऱ्या’ हे म्हणण्यापुरतं. जुन्या तबकड्या ७४ पासून ८२ पर्यंत कुठेही भरलेल्या असतात, आणि वेग चुकला की सूरच बदलतो. आपल्याकडच्या ख्यालाच्या तबकड्यांतही हीच पंचाईत. शेवटी टकटक काढायची. संगणक येण्याआधी डेव्हिस टेपवर नेमक्या त्या जागेचा चुंबकी लेप पात्याने हलकेच खरवडत. एकेका गाण्यात असे शेकडो घाव.

हे सगळं करून रेकॉर्ड बाजारात आली, की दुसरी कंपनी ती विकत आणते, नक्कल करते, नवं कव्हर घालते आणि निम्म्या किमतीला विकते. ही खोड जुनीच. १९५१ मध्ये अमेरिकेत ‘जॉली रॉजर’ नावाचं लेबल निघालं. समुद्री चाच्यांच्या झेंड्याचं नाव. निर्लज्जपणात निदान प्रामाणिकपणा होता. आर्मस्ट्राँगची जुनी ध्वनिमुद्रणं परवानगीशिवाय छापणाऱ्या या लेबलचं काम चक्क आरसीए व्हिक्टरच्या कारखान्यात चालत होतं. हे उघड झाल्यावर मोठ्या कंपन्यांना आपल्या तिजोरीची आठवण झाली; त्याआधी तीच गाणी वर्षानुवर्षं धूळ खात पडली होती. माझी सहानुभूती इथे पूर्णपणे कंपन्यांकडे जात नाही.

पण ज्याची साफसफाई चोरली जाते, त्याचं काय? कायदा त्याला फारसा ओळखत नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने नॅक्सॉस कंपनीविरुद्ध कॅपिटलच्या बाजूने कौल दिला. नॅक्सॉसने १९३० च्या दशकातल्या मेन्युहिन, कासाल्स या वादकांच्या तबकड्या शोधून स्वतः स्वच्छ केल्या होत्या, तरी हक्क मूळ मालकाचाच ठरला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका खटल्यात अपील न्यायालय म्हणालं, की आवाज नुसता उजळला म्हणून नवं ध्वनिमुद्रण जन्मत नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. स्वच्छ केलेल्या प्रतीबद्दल कायदा स्पष्ट काही बोलत नाही. निकालपत्रांच्या संपादनाबाबतच्या २००७ च्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की नुसते कष्ट आणि पैसा पुरेसे नाहीत, थोडीतरी सर्जनशीलता दिसली पाहिजे.

आणि गोची नेमकी इथे आहे. चांगल्या स्वच्छकाराची सगळी प्रतिष्ठा स्वतः न दिसण्यात असते. आर्मस्ट्राँग ऐकू यावा, डेव्हिस नव्हे. कायदा मात्र विचारतो, यात तू कुठे आहेस?

तो असतो, पण ओरखड्यांत. प्रत्येक झिजलेल्या प्रतीचे घाव वेगळे. एक टकटक विसाव्या सेकंदाला राहून गेली, दोन प्रती जोडताना सांधा अमुक सुरावर पडला, वेग किंचित जास्त धरला गेला, आणि हे सगळं दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डवर जसंच्या तसं सापडलं, तर तिच्याकडे मूळ तबकडी नव्हतीच. नक्कल करणारे हे ओळखून असतात. म्हणून वर कृत्रिम घुमारा चढवतात, खरखर आणखी खरवडतात, आणि त्यासोबत झांजांची धार आणि श्वासही जातो. चोरी लपवायला माल बिघडवतात.

आपल्याकडचं जॅझ तर या बाबतीत फारच उघड्यावर आहे. १९२६ मध्ये कोलकात्याच्या ग्रँड हॉटेलातल्या जिमी लेक्वाइमच्या ताफ्याने भरलेलं ‘सोहो ब्लूज’, १९३६ मध्ये मुंबईच्या ताजमधल्या क्रिकेट स्मिथच्या ताफ्याचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’, गोव्यातल्या अल्दोनाच्या चिक चॉकलेटच्या तबकड्या. या ध्वनिमुद्रणांची साठ वर्षं कधीच उलटली. कुणीही काढावं. पण काढणार कशावरून? ‘हार्लेक्विन’ या इंग्रजी लेबलने १९२६ ते १९४४ मधलं भारतातलं जॅझ एका एलपीवर आणलं, म्हणून ते लोकांपर्यंत पोचलं. मूळ तबकडी दुर्मीळ असली, की पुढच्याला आधीच्याचीच नक्कल सोपी पडते.

म्हणून जुनं संगीत विकत घेताना मी आधी कव्हरची मागची बाजू वाचतो. तबकडी कुणाच्या संग्रहातली, वेग किती धरला, आवाज कुणी उतरवला. गायक-वादकांचा रंगीत फोटो आणि ‘डिजिटली रिमास्टर्ड’ एवढंच छापलेलं असेल, तर ती मी परत फळीवर ठेवतो.