२७२ माणसे आणि २७ डॉलर २० सेंट

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच अमेरिकेतील एका विद्यापीठाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वॉशिंग्टन शहरातील जॉर्जटाऊन हे अमेरिकेतील सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ. स्थापना १७८९ ची. ते चालविणाऱ्या जेझुइट धर्मगुरूंच्या मेरीलँड प्रांतात मोठ्या शेतजमिनी होत्या आणि त्यांवर राबणारी काळी माणसेही त्यांच्याच मालकीची होती. कॉलेज कर्जात बुडाले, तेव्हा १८३८ साली २७२ माणसे, त्यांत म्हातारे होते, तान्ही लेकरे होती, १ लाख १५ हजार डॉलरना लुइझियानातील मळेवाल्यांना विकण्याचा करार झाला. कुटुंबे तोडू नका, आलेल्या पैशातून कर्ज फेडू नका, अशा अटी रोमहून वरिष्ठांनी घातल्या होत्या. दोन्ही मोडल्या गेल्या. विकणारे कॅथलिक, विकले गेलेलेही कॅथलिकच! धर्म एक असला म्हणजे माणूस बरोबरीचा होतो असे नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हा सौदा करणारे फादर मलेडी पुढे पुन्हा कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि एका इमारतीला त्यांचे नावही मिळाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कचेरीबाहेर ठिय्या दिला, तेव्हा कुठे ते नाव उतरले. २०१७ पासून ती इमारत आयझॅक हॉकिन्स यांच्या नावाने ओळखली जाते. विक्रीच्या यादीतले पहिले नाव त्यांचेच होते. नामांतरासाठी काय सोसावे लागते हे जाणणाऱ्यांना या गोष्टीचे मोल कळेल.

याच सुमारास रिचर्ड सेलिनी या माजी विद्यार्थ्याने विचारले, की त्या माणसांचे पुढे झाले काय? दलदलीत तापाने सगळी मेली, असे उत्तर त्यांना मिळाले. ते त्यांना पटले नाही. त्यांनी वंशावळीचे जाणकार कामाला लावले आणि हजारो वंशजांचा पत्ता लागला. तेराव्या वर्षी विकल्या गेलेल्या कॉर्नेलियस हॉकिन्सची कबर लुइझियानातील मॅरिंग्विन गावी सापडली.

माजी विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या मुलांना प्रवेशाच्या वेळी झुकते माप देण्याची तेथे रीत होती. (आपल्याकडे गुणवत्तेचा घोष करणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.) तेच माप या वंशजांनाही लावू, असे विद्यापीठाने २०१६ साली जाहीर केले. पुढच्याच वर्षी मेलिसांद शॉर्ट-कोलोंब या ६३ वर्षांच्या बाई पहिल्या वर्षाला दाखल झाल्या. हयात स्वयंपाकघरात गेलेली, विकल्या गेलेल्यांच्या वंशातली ही बाई नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर विद्यापीठाच्या वसतिगृहात राहू लागली.

आम्हाला खरे मोठे वाटते ते यानंतरचे पाऊल. एप्रिल २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी आपसात मतदान घेतले. प्रत्येक विद्यार्थ्याने दर सहामाहीच्या फीबरोबर २७ डॉलर २० सेंट जादा भरावेत आणि तो पैसा वंशजांच्या कामी लावावा, असा प्रस्ताव होता. २७२ माणसांची आठवण म्हणून हा आकडा. शॉर्ट-कोलोंबबाईही प्रचारात होत्या. पाप पाद्र्यांचे, विद्यापीठाचे, मग भुर्दंड आम्हाला का, असे विरोधक म्हणाले. यात तथ्य नाही असे नाही. विकणारी संस्था सुटावी आणि पोरांनी भरावे हे विचित्रच. तरीही प्रस्तावाच्या बाजूने २,५४१ मते पडली, विरोधात १,३०४.

हे मतदान विद्यापीठावर बंधनकारक नव्हते. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाने सांगितले की विद्यार्थ्यांकडून फी घेणार नाही, त्याऐवजी देणग्यांतून वर्षाला ४ लाख डॉलर उभारू. रक्कम साधारण तेवढीच. पण फी म्हणजे देणे, ते चुकवता येत नाही. देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर. विद्यार्थ्यांनी स्वतःहून कर्ज मान्य केले होते, विद्यापीठाने त्याचा दानधर्म केला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुढे मार्च २०२१ मध्ये जेझुइटांनीही वंशजांसाठी १० कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले.