जुनी बॅटरी घेताना आधी माप, मग ताकद

सेकंड हँड बॅटरी विकणारा सहसा दोन टोकांना मल्टिमीटर लावून आकडा दाखवतो: साडेबारा व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. हा आकडा खोटा नसतो, पण तपासणीची सुरुवात त्याच्यापासून करू नये. आधी पाहायचं ते बॅटरी आपल्या गाडीत बसते का.

त्यासाठी बॉनेट उघडून आपल्याच बॅटरीचं लेबल वाचा. समजा, त्यावर ३८बी२०एल असं छापलंय. ही जपानी पद्धत आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत असते. ३८ हा ताकदीचा क्रमांक आहे, तो अँपिअर-अवर नव्हे. ‘बी’ वरून रुंदी आणि उंचीचा गट कळतो. २० म्हणजे लांबी, सुमारे वीस सेंटिमीटर. शेवटचा ‘एल’ टर्मिनलची बाजू सांगतो. टर्मिनल आपल्याकडे येतील अशी बॅटरी ठेवली, तर ‘एल’मध्ये पॉझिटिव्ह उजव्या हाताला येतं आणि ‘आर’मध्ये डाव्या. बाकी सगळं जुळलं आणि हे एक अक्षर चुकलं, तर केबल पोचत नाही. ती ओढूनताणून पोचवावी, तर उलटी जोडली जाण्याचा धोका. उलट्या जोडणीने अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीचा ईसीयू जळू शकतो. दुरुस्तीचा खर्च नव्या बॅटरीच्या कितीतरी वर जातो.

युरोपीय धाटणीच्या गाड्यांत डीआयएन मापाची बॅटरी येते. ती उंचीला कमी असते आणि तिला तळाच्या कडेवर क्लँप बसतो. जपानी मापाची बॅटरी वरून पट्टीने आवळतात. म्हणून ट्रेची लांबी-रुंदी टेपने मोजा, वर बॉनेटपर्यंत किती जागा उरते तेही पाहा. बॅटरी हलती राहिली तर खड्ड्यांच्या रस्त्यावर आतल्या प्लेटी लवकर झडतात. टर्मिनलची जाडीही दोन प्रकारची असते. बारीक टर्मिनलवर जाड क्लँप लावून मध्ये पत्रा कोंबायचा जुगाड करू नका. जोड सैल राहतो, तापतो आणि गाडी ऐन वेळी दगा देते.

माप जुळलं की ताकद. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. डिझेल इंजिनात हवा जास्त दाबली जाते, ते फिरवायला जोर जास्त लागतो, म्हणून तिथे ६० किंवा त्याहून मोठी. कंपनीने सांगितल्यापेक्षा थोडी मोठी चालते, लहान चालत नाही. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी हवी. तिथे साधी घातली तर लवकर बसते. इन्व्हर्टरची बॅटरी स्वस्तात मिळाली तरी गाडीला लावू नका. ती थोडा करंट बराच वेळ देण्यासाठी बनवलेली असते, सेल्फ मारताना लागणारा मोठा झटका देण्यासाठी नव्हे.

आता मल्टिमीटर काढायला हरकत नाही. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. पूर्ण चार्ज असेल तर १२.६ च्या आसपास आकडा येतो, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. चार्ज करूनही १०.५ च्या पुढे जात नसेल तर बहुधा एक सेल डेड आहे. पण नुकत्याच चार्ज केलेल्या थकलेल्या बॅटरीतही १२.६ दिसतात. प्लेटींवर सल्फेट घट्ट बसलं की व्होल्टेज टिकतं, करंट मात्र निघत नाही. ‘रिकंडिशन’ म्हणून विकलेल्या बॅटरीत फसगत होते ती इथेच.

खरी परीक्षा लोडवर होते. बॅटरी गाडीला जोडून सेल्फ मारा आणि त्याच वेळी मीटरवर नजर ठेवा. आकडा खाली येणारच, पण ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी परत करा. बॅटरीवाल्याकडे लोड टेस्टर असेल तर उत्तमच. शिवाय बाजू फुगलेल्या नाहीत ना, टर्मिनलच्या मुळाशी ॲसिड पाझरत नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. उघडणारी झाकणं असतील तर सहाही सेलमध्ये पाणी सारखं आहे का तेही बघा. वॉरंटी कार्डावरची तारीख मागा. आपल्या उन्हात गाडीची बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते, त्यामुळे तीन वर्षांच्या बॅटरीत फारसं काही उरलेलं नसतं.

बसवताना निगेटिव्ह शेवटी जोडा, काढताना तेच आधी सोडवा. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते.

पैसे देण्याआधी एक हिशेब करा. नव्या बॅटरीच्या किमतीतून दुकानदार जुनीच्या बदल्यात देतो ती रक्कम वजा करा. सेकंड हँड बॅटरी त्या आकड्याच्या निम्म्याहून महाग असेल, किंवा विकणारा लोडवर तपासू देत नसेल, तर सरळ नवी घ्या. आणि जुनी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. त्यात शिसं आणि ॲसिड असतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती अधिकृत संकलकाकडे किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवी. नवी घेताना दुकानातच परत केलीत, तर पैसेही सुटतात.