धक्का सोसणारे घड्याळ कसे पारखावे?

खिशात मोबाईल असताना मनगटावर घड्याळ कशाला, असा प्रश्न मित्रांनी मला अनेकदा विचारला आहे. त्यावर माझी दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक तर परीक्षागृहात मोबाईल बाहेर ठेवावा लागतो आणि तीन तासांत सगळे प्रश्न बसवायचे तर वेळेचा हिशेब डोळ्यासमोर असावा लागतो. दुसरे असे की, ‘कमवा व शिका’ योजनेत मी रोज सकाळी दोन तास महाविद्यालयाच्या रोपवाटिकेत काम करतो. मातीने भरलेला हात खिशात घालून मोबाईल काढणे काही सोयीचे नाही. तेव्हा घड्याळ हवेच. प्रश्न एवढाच की, कोणते?

हा प्रश्न मला पडला तो एका नुकसानीमुळे. आमच्या आजोबांना १९५८ साली त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी एक चावीचे घड्याळ दिले होते. आजोबांनंतर ते वडिलांकडे आले आणि मी बारावी झालो तेव्हा वडिलांनी ते माझ्या मनगटावर बांधले. गेल्या वर्षी पावसाळ्यात एस.टी.तून उतरताना माझा पाय घसरला आणि हात पायरीच्या लोखंडी कडेवर आपटला. काच शाबूत होती, केसवर ओरखडासुद्धा नव्हता. पण काटे जिथल्या तिथे थांबले होते.

गावातल्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून ते उघडले आणि म्हणाले, “बॅलन्सचा दांडा मोडलाय बघ.” मग भिंग माझ्या हाती देऊन त्यांनी मला ती जागा दाखवली. घड्याळात एक लहानसे चाक सतत पुढेमागे झोके घेत असते. घड्याळाची सारी चाल त्याच्यावर अवलंबून असते. हे चाक ज्या दांड्यावर बसवलेले असते त्याची दोन्ही टोके केसासारखी बारीक असतात आणि ती खड्यांच्या भोकांत फिरतात. टोक जितके बारीक तितके घर्षण कमी आणि चाल अचूक. पण त्याच बारीकपणामुळे बाहेरचा धक्का आत पोचला की पहिल्यांदा मोडते ते हेच टोक. मी घरी येऊन वडिलांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. “बरं,” एवढेच म्हणाले आणि घड्याळ कपाटात ठेवले. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

त्यानंतर मी घड्याळांविषयी वाचू लागलो. मी कलाशाखेचा विद्यार्थी, पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. तरीही यातली मूळ गोष्ट समजायला अवघड नाही. पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग एकदम शून्य होतो. तो किती अवधीत शून्य होतो यावर धक्क्याची तीव्रता ठरते. अंडे फरशीवर पडले तर फुटते. धान्याच्या राशीवर पडले तर बहुधा वाचते. उंची तीच, अंडे तेच. पण रास थोडी दबते, थांबायला थोडा अवकाश देते. धक्का सोसणाऱ्या घड्याळाचे सारे शास्त्र या ‘थोड्या अवकाशात’ आहे. पुरात लव्हाळा का टिकतो हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. घड्याळ बनवणाऱ्यांनी तीच युक्ती वापरली.

स्वित्झर्लंडमध्ये १९३४ च्या सुमारास ‘इंकाब्लॉक’ नावाची रचना निघाली. तीत खडा पक्का न बसवता एका नाजूक स्प्रिंगखाली बसवतात. धक्का बसला की खडा किंचित सरकतो, दांड्याचे बारीक टोक वाचते आणि धक्का दांड्याच्या जाड भागावर घेतला जातो. मग स्प्रिंग खड्याला पुन्हा जागेवर आणते. आमच्या आजोबांच्या घड्याळात अशी सोय नव्हती. घड्याळजींनी दुसऱ्या एका घड्याळातली ती स्प्रिंग मला दाखवली तेव्हा एवढ्याशा तारेने केवढे काम होते याचे आश्चर्य वाटले.

आता घड्याळावर ‘शॉक-रेझिस्टंट’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ पाहू. त्यासाठी आयएसओ १४१३ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. एक मीटर उंचीवरून कठीण लाकडी पृष्ठभागावर पडल्यास जेवढा धक्का बसेल, तेवढा घड्याळाने सोसावा, अशी त्यामागची कल्पना. चाचणीत तीन किलो वजनाचा झुलता हातोडा सेकंदाला ४.४३ मीटर वेगाने घड्याळावर आदळवतात. एकदा नऊच्या आकड्याच्या बाजूने आणि एकदा समोरून काचेवर. एक मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा जमिनीशी पोचतानाचा वेगही तेवढाच असतो. एवढे झाल्यावर चावीच्या घड्याळाच्या चालीत दिवसाला साठ सेकंदांहून अधिक फरक पडता कामा नये. म्हणजे या शब्दाने दिलेले आश्वासन टेबलावरून पडण्यापुरते आहे, गच्चीवरून पडण्याचे नाही. पुष्कळांची निराशा होते ती घड्याळ वाईट असल्यामुळे नव्हे, तर या शब्दाचा अर्थ आपण हवा तेवढा ताणल्यामुळे.

गच्चीवरून पडण्याचा विचार ज्याने केला त्याची हकीकत मला फार जवळची वाटली. जपानच्या कॅसिओ कंपनीतले अभियंते किकुओ इबे यांना वडिलांनी एक घड्याळ भेट दिले होते. ते हातातून निसटून पडले आणि त्याचे तुकडे झाले. तेव्हा पडले तरी न मोडणारे घड्याळ करायचे असे इबे यांच्या मनाने घेतले. १९८१ साली काम सुरू झाले. दहा मीटर उंचीवरून पडणे सोसावे, दहा बार दाबाचे पाणी सोसावे आणि बॅटरी दहा वर्षे चालावी, असे तिहेरी लक्ष्य होते. कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील स्वच्छतागृहाच्या खिडकीतून ते नमुने खाली टाकून पाहत. सुमारे दोनशे नमुने झाले. बाहेरून कितीही वेष्टन घातले तरी आतले काहीतरी मोडतच होते. अखेर बागेत एका मुलीला चेंडू उडवताना पाहून त्यांना सुचले की, चेंडूच्या मध्यावर काही तरंगत ठेवले तर जमिनीचा धक्का तिथवर पोचणार नाही. त्यांनी घड्याळाचे यंत्र केसला सर्व बाजूंनी न चिकटवता मोजक्याच बिंदूंवर टेकवले आणि भोवती धक्के शोषणारे थर दिले. एप्रिल १९८३ मध्ये ते ‘जी-शॉक’ या नावाने बाजारात आले. २०१७ पर्यंत अशी दहा कोटी घड्याळे कंपनीबाहेर पडली होती.

योगायोगाने माझा मामेभाऊ सैन्यात आहे आणि त्याच्या मनगटावर याच जातीचे डी.डब्ल्यू. ५६०० हे काळे चौकोनी घड्याळ असते. तो रजेवर आला तेव्हा मी आडून आडून विषय काढला. तो म्हणाला, “अरे, वाचून काय कळणार? महिनाभर घाल, मग बोल.” आणि त्याने ते सरळ माझ्या हातात ठेवले.

त्या महिन्यात मी एक वही ठेवली. त्यातले सार असे :

पहिली गोष्ट धक्क्याची. दादाचे घड्याळ मुद्दाम खाली टाकण्याची माझी हिंमत नव्हती. पण संधी आपोआप आली. एकदा ते हौदाच्या कट्ट्यावरून फरशीवर पडले, दोनदा कुदळीच्या दांड्याचा फटका बसला आणि कुंड्या उचलताना ते रोजच घासत होते. काही झाले नाही. नीट पाहिल्यावर कारण ध्यानात आले. भोवतालची रबरासारखी कड काचेहून उंच आहे, त्यामुळे सपाट पडले तरी काच टेकत नाही. बटणे खोबणीत आहेत. शिवाय आत झोके घेणारे चाक नाही की फिरणारे काटे नाहीत. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिकाचा एक सूक्ष्म चिमटा आहे, तोच वेळ मोजतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. या घड्याळावर २०० मीटर असे लिहिले आहे. विहिरीत पोहताना चिंता वाटली नाही. पण साध्या घड्याळांवर ३० मीटर लिहिलेले असते त्यावरून कोणी ते घालून पोहू नये. तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरताच त्याचा भरवसा. आणि घड्याळ कितीही पक्के असले तरी पाण्यात बटणे दाबू नयेत.

तिसरी गोष्ट अचूकतेची. महिन्याला पंधरा सेकंदांच्या आत फरक पडेल असे कंपनी सांगते. माझ्या वहीत महिनाअखेर आठ सेकंदांचा फरक आहे. याच आकाराच्या महाग प्रकारात रेडिओ लहरींवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय असते. परंतु त्या लहरी जपान, चीन, अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनी येथील केंद्रांवरून येतात. आपल्याकडे त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही. उन्हावर चालणारी बॅटरी मात्र उपयोगी आहे.

चौथी गोष्ट गैरसोयीची, कारण एकाच बाजूने लिहिणे प्रामाणिकपणाचे नव्हे. घड्याळ १३ मिलिमीटरहून अधिक जाड आहे. सदऱ्याच्या बाहीचे बटण त्यावर लागत नाही. घामाच्या दिवसांत पट्ट्याखाली खाज सुटते. रोज साध्या पाण्याने धुऊन पुसले की थांबते. आणि दर तासाला वाजणारी टिकटिक बंद केली नाही तर वाचनालयात सगळ्या माना आपल्याकडे वळतात!

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मजबूत घड्याळ जड असलेच पाहिजे असे नाही. डी.डब्ल्यू. ५६०० चे वजन सुमारे ५३ ग्रॅम आहे. त्याच कंपनीचे १९८९ पासूनचे एफ-९१डब्ल्यू हे साधे घड्याळ अवघे २१ ग्रॅमचे. त्यात धक्क्यासाठी खास रचना नाही. पण वजन निम्म्याहून कमी असल्यामुळे त्याच उंचीवरून पडताना ते आपटण्याची शक्तीही निम्म्याहून कमी असते. ज्याचा दिवस वर्ग, वाचनालय आणि बसचा प्रवास यांत जातो, त्याला हे हलके घड्याळ पुरेसे आहे आणि त्याची किंमतही फार कमी आहे. माझ्या धाकट्या बहिणीसाठी मी तेच घेतले.

तेव्हा घड्याळ पारखताना दुकानदाराला प्रश्न विचारण्याआधी स्वतःला विचारावे : माझ्या दिवसात घड्याळाला धक्के कोणते बसतात? किती उंचीवरून? पाणी किती लागते? काच कशावर घासते? या प्रश्नांची उत्तरे दिली की निम्मी निवड तिथेच होते. उरलेली निवड घड्याळ हातात घेऊन करावी. काचेभोवतीची कड उंच आहे का, बटणे बाहेर आली आहेत का, पट्टा आपल्याकडे बदलून मिळेल का आणि तिरप्या उजेडात आकडे दिसतात का, हे पाहावे. काळ्या पाटीवर उजळ आकडे असलेली घड्याळे दिसायला छान, पण सावलीत वाचायला कठीण जातात.

दादाचे घड्याळ मी परत केले आणि योजनेच्या साठलेल्या पैशांतून त्याच जातीचे एक विकत घेतले. पैसे थोडे उरले होते. ते घेऊन मी पुन्हा घड्याळजींकडे गेलो. तीन आठवडे शोधून त्यांनी एका जुन्या बंद यंत्रातला दांडा मिळवला आणि आजोबांच्या घड्याळात बसवला.

ते घड्याळ मी वडिलांपुढे ठेवले. त्यांनी चावी दिली, कानाशी धरले आणि बराच वेळ ऐकत राहिले. मी म्हणालो, “आता हे तुमच्याकडेच राहू द्या.” त्यांनी माझ्या हातातले नवे काळे घड्याळ निरखून पाहिले, त्याची कड अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, “हे रोपवाटिकेत घालत जा. परीक्षेला मात्र आजोबांचं घाल. तिथं कुठं धक्के बसतात?”

परीक्षेत धक्के बसत नाहीत हे त्यांचे मत मला पूर्णपणे मान्य नाही. पण एप्रिलच्या परीक्षेला मी आजोबांचेच घड्याळ घालणार आहे.